शून्य लिहा

चौदा महिने झाले, मिलिमीटरसाहेब रोज सकाळी सात वाजता साइटवर पोचायचे आणि आल्या आल्या बसायला खुर्ची शोधायचे. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ते स्टीलची पट्टी हातात घेऊन थेट एखाद्या खांबापाशी जाऊन उभे राहायचे आणि तिकडून मुकादम धावत यायचा. एक मिलिमीटर इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. त्यावरूनच हे नाव पडलं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. आता अठ्ठावन्न पूर्ण झाली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि झोपून उठलं तरी आदल्या दिवशीचा शीण जागच्या जागी असायचा.

बावीस वर्षांपूर्वी याच जागेवर एक अवाढव्य गोदाम उभं राहिलं होतं. त्याचा आराखडा साहेबांचाच. आता धंदा वाढला, माल मावेना, म्हणून त्याच्या पूर्वेला तेवढंच दुसरं गोदाम जोडायचं ठरलं. मधली पत्र्याची भिंत तीन ठिकाणी कापून तीन मोठी दारं करायची, म्हणजे मालाच्या फोर्कलिफ्ट गाड्या या गोदामातून त्या गोदामात सरळ धावतील, असा बेत होता. मालकांनी आराखड्यासाठी दुसऱ्या कुणाचा विचारसुद्धा केला नाही. "पहिलं बाळंतपण ज्यांच्या हातून झालं, दुसरंही त्यांच्याच हातून होऊ द्या," असं ते चारचौघांत म्हणाले, आणि साहेब फुशारले. बायको घरी म्हणत होती, नाही म्हणा, पुरे झालं. पण स्वतःच्या जुन्या कामाचं कौतुक ऐकलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. साहेबांना तर मुळीच येत नव्हतं.

त्या दिवशी पहिलं दार उघडायचं होतं. सकाळपासून पत्रे कापण्याचा कर्कश आवाज चालला होता. अकराच्या सुमारास शेवटचा पत्रा खाली आला, झाडूवाल्यांनी धूळ लोटली, आणि जुन्या बाजूने मामा आपली गाडी घेऊन निघाले. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा. एकोणीस वर्षं याच गोदामात गाडी चालवत होते, म्हणून पहिला मान त्यांचा. समोर खोक्यांची उंच चवड घेतलेली, चेहऱ्यावर वरातीत बसल्याचा रुबाब. दारापाशी आले आणि धाडकन आवाज झाला. गाडी उसळली, वरची दोन खोकी घरंगळत खाली आली, आणि मामांची टोपी नाकावर.

"साहेब, इथे उंबरा कुणी बसवला हो?" मामा ओरडले.

सगळे खो खो हसले. हसले नाहीत फक्त दोघं. एक मिलिमीटरसाहेब, आणि दुसऱ्या दुर्बीणबाई.

दुर्बीणबाई म्हणजे साइटवरच्या मोजणीवाल्या. तीन पायांवर उभ्या केलेल्या पातळीच्या यंत्राला डोळा लावून दिवसाचे आठ तास उभ्या असायच्या, म्हणून हे नाव. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. बाईंनी दोन मीटरची सरळ पट्टी आणली, नव्या जमिनीवर टेकवून जुन्या जमिनीवर आडवी धरली, आणि पट्टीखालची फट मोजली. नवा काँक्रीटचा कोबा जुन्या कोब्यापेक्षा बत्तीस मिलिमीटर वर होता. जेमतेम दोन बोटं. एवढ्या पायरीवर माणूस ठेचकाळणारही नाही कदाचित. पण दोन टन माल उंचावर धरलेली गाडी दिवसातून तीनशे वेळा इथून जाणार होती.

"बत्तीस," त्या म्हणाल्या. आकडा सांगताना त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही.

साहेबांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नवा कोबा अगदी बरोबर होता. खाली गेला होता तो जुना. बावीस वर्षं छतापर्यंतच्या रॅकांचं ओझं वाहून त्याच्याखालचा भराव दबला होता. खांबांचे पाये खोल, ते हललेले नव्हते. चौदा नंबरच्या खांबावर साहेबांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने एक लाल खूण केली होती, तिच्याखाली बरोबर एक मीटरवर जमीन. त्या खुणेवरून नवा कोबा घातला गेला. खूण खरी राहिली होती, जमीन मात्र नाही. काम सुरू करण्याआधी खुणेपासून जुन्या जमिनीपर्यंत एकदा माप घेतलं असतं की संपलं होतं, आणि नवा कोबा तेवढाच खाली धरता आला असता.

आणि माप घेतलेलं होतं. साइटच्या नोंदवहीत लिहिलेलं होतं: खूण ते जुना कोबा, फरक शून्य. खाली दुर्बीणबाईंची सही.

साहेब पत्र्याच्या ऑफिसात जाऊन बसले. पंखा लावला, बंद केला, परत लावला. नऊ महिन्यांपूर्वीची ती दुपार विसरली असती तर फार बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पण ती लख्ख आठवत होती.

चौदा नंबरच्या खांबाला लागून रॅक होते, खचाखच भरलेले. गोदामाच्या मॅनेजरने ते हलवायला साफ नकार दिला होता. साहेबही म्हणाले होते, राहू द्या, माझ्या जुन्या नकाशात पातळी आहे की. तर बाई जेवणाच्या सुट्टीत एकट्या गेल्या आणि सगळ्यात खालच्या रॅकखाली सरपटत शिरून माप घेऊन आल्या. केसांत कोळीष्टकं, कोपर खरचटलेलं. साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "सर, जुनी जमीन बत्तीसने खाली आहे."

साहेबांच्या एका कानाला फोन होता, समोर तीन नकाशे उघडे होते. त्यांनी मान वर केली नाही. "माझा कोबा बसत नाही, बाई. आडवं पडून माप घेतलंत, हात हलला असेल."

"दोनदा घेतलं, सर."

"शून्य लिहा."

बाई क्षणभर थांबल्या आणि गेल्या. बस, एवढंच. अख्ख्या खात्यात साहेबांच्या आकड्याला आव्हान द्यायची पद्धत नव्हती. ती पद्धत साहेबांनीच मोडीत काढली होती, वीसेक वर्षं खपून, एकेका माणसाचं तोंड बंद करत. आणि लोक याला दरारा म्हणायचे, आदराने.

बाराच्या सुमारास प्रकल्पप्रमुख आत आला. पंचेचाळिशीचा माणूस, पहिली नोकरी साहेबांच्या हाताखाली केलेली. अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसायचा नाही. त्याने नोंदवही टेबलावर ठेवली, त्या पानावर बोट ठेवलं.

"सर, घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं. बाईंनी माप वाचण्यात गफलत केली. चार वाजता मालक येतायत. मी सांगतो, वाचनाची चूक, आपण दारात दोन मीटरचा उतार करून देतो, चार दिवसांत काम संपतं. विषय मिटला."

"बाईंचं काय?"

प्रमुखाने खांदे उडवले. "मालक रागावतील. या महिन्याच्या शेवटी त्यांना कायम करायचं होतं, ते बहुतेक राहील. कंत्राटही पुढे वाढेलसं वाटत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही काही बोलू नका, सर. तुम्ही फक्त बसा. तुमच्या नावाला धक्का लागता कामा नये."

तो प्रेमानेच बोलत होता, हीच तर पंचाईत होती. पाजी माणसाला फटकारता येतं, प्रेमळ माणसाचं काय करायचं? साहेबांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

बाईंची अकरा वर्षं अशीच गेली होती. एक साइट संपली की बिऱ्हाड उचलायचं, दुसरीकडे टाकायचं. मुलाने सहा वर्षांत चार शाळा पाहिल्या. या वर्षी पहिल्यांदा त्यांनी घराला पडदे शिवले, असं त्याच एकदा म्हणाल्या होत्या. त्यांना कायम करा अशी शिफारस साहेबांनीच लिहिली होती. 'नजर पक्की, माप भरवशाचं,' असे शब्द होते तिच्यात. लिहिताना ती दुपार कशी आठवली नाही? कारण तेव्हा आठवायचं कारण नव्हतं. साहेबांना स्वतःचीच शिसारी आली.

तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, उघडली का भिंत?"

"उघडली."

"मग आवाज असा का? झालं ना सगळं?"

"थोडा फरक आलाय."

"किती?"

"बत्तीस."

बायको हसली. "बत्तीस मिलिमीटर म्हणजे तुमच्या मानाने प्रलयच की! कुणाची बिचाऱ्याची पूजा बांधलीत आज?"

साहेबांनी पंखा परत बंद केला. चौतीस वर्षांच्या संसारात तिला पंख्याच्या बटणाच्या आवाजावरूनही बरंच कळायचं. "तुम्ही दमलायत," ती शेवटी म्हणाली. "घरी या, जेवा, आणि आठ दिवस नुसते झोपा. काय व्हायचं ते होऊ द्या तिकडे."

काय व्हायचं ते होऊ द्या. खरंच, किती सोपं होतं! काही करायचंच नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, सही करायची नव्हती. नुसतं चार वाजता खुर्चीत बसायचं आणि मूग गिळायचे. साहेबांच्या अंगात दुसरं काही करायचं त्राणही नव्हतं. ते बाटलीतलं पाणी प्यायले आणि उगाच जुन्या गोदामात फेरी मारायला गेले.

तिथे मामा भेटले. गाडीच्या चाकाशी उकिडवे बसून रबर तपासत होते.

"उतार करणार म्हणे दारात," मामा म्हणाले. "करा बापडे. पण साहेब, एक सांगू? सहा नंबरच्या ओळीत रॅकचं टोक बघा. वर्षभर मी बघतोय, वरचा माल काढताना पूर्वीसारखा सरळ येत नाही. थोडा माझ्याकडे झुकल्यासारखा वाटतो. आमचे डोळे म्हातारे झाले म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगायचं? जमीन तुमची. तुमची जमीन बसली म्हणून कोण सांगणार?" मामांनी हे सहज म्हटलं, टोमणा म्हणून नाही.

साहेबांनी वर पाहिलं. बारा मीटर उंचीचे रॅक, मालाने गच्च, आणि खालून पिवळी जाकिटं घातलेली माणसं ये-जा करत होती. वाचनाची चूक असं आज कागदावर आलं, की जुनी जमीन खाली जातेय हे कुणी तपासणार नव्हतं. उतारावर रंग मारला जाईल, आणि खालचा भराव गुपचूप दबत राहील. साहेबांच्या पायाखालची वाळू सरकली, ती मात्र खरोखरची.

चार वाजता मालक आले. लांब टेबल, एका बाजूला मालक आणि प्रमुख, दुसऱ्या बाजूला साहेब. दुर्बीणबाई टोकाला, नोंदवही समोर घेऊन. प्रमुखाने सगळं थोडक्यात आणि नीट मांडलं. वाचनातली गफलत, दोन मीटरचा उतार, चार दिवस.

"बाई, तुमचं काय म्हणणं?" मालकांनी विचारलं.

साहेब बाईंकडे बघत होते. आता सांगतील. सांगायलाच हवं, कुणीही सांगेल. सांगितलं की आपण फक्त हो म्हणायचं, तेवढं जमेल.

"सही माझी आहे," बाई म्हणाल्या.

मालकांनी सुस्कारा सोडून प्रमुखाकडे पाहिलं. साहेबांनी टेबलाला धरून स्वतःला उभं केलं. उभं राहायची काही गरज नव्हती, पण बसून ते तोंडातून निघालं नसतं.

"बाईंनी बरोबर वाचलं होतं," ते म्हणाले. "बत्तीसच वाचलं होतं. त्याच दिवशी मला येऊन सांगितलं. मी म्हणालो, शून्य लिहा."

प्रमुखाने डोळे मिटून घेतले.

"सर, तुम्ही दमलायत," मालक सावकाश म्हणाले. परत फिरायला वाट करून देत होते. "नऊ महिन्यांपूर्वीचं आहे. तुमच्या लक्षात चुकीचं राहिलं असेल."

"दमलोय खरा. पण लक्षात बरोबर आहे. आणि दमलो होतो म्हणून तसं म्हणालो नव्हतो. माझी जमीन बसली हे मला ऐकायचं नव्हतं." मग ते भराभर बोलले, थांबलो तर परत बोलता येणार नाही अशा घाईने. उतार करू नका. जुना कोबा अजून खाली जात असेल. भिंतीलगतचे रॅक रिकामे करा, जमीन तपासा, नव्या कोब्याची सहा मीटरची पट्टी फोडून परत घाला. महिना जाईल. बाकीची दोन दारं आज उघडू नका.

मालकांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी जुन्या गोदामातली सहा नंबरची ओळ तातडीने रिकामी करायला सांगितली, बाकीचं सोमवारी ठरवू म्हणाले. साहेबांना या कामानंतर सल्लागार म्हणून ठेवायचं चाललं होतं, "त्याचं आपण नंतर बघू," असं ते म्हणाले, आणि सगळ्यांना काय ते कळलं.

मग ते बाईंकडे वळले. "म्हणजे बत्तीस आहे हे तुम्हाला माहीत होतं. आणि तरी तुम्ही शून्य लिहिलंत?"

"हो."

"मोजणीचं माणूस तुम्ही."

बाईंनी नोंदवही मिटली. मालकांनी समोरचे कागद गोळा केले. "बघू," म्हणाले, आणि गेले.

हे साहेबांच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं सांगितलं की बाई सुटतील, इतका सरळ हिशेब त्यांनी केला होता. बाहेर पडणाऱ्या बाईंना त्यांनी दाराशी गाठलं.

"बाई, मला वाटलं होतं..."

"माहीत आहे, सर." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त जड गेलं. "पण मालक चुकीचं काय बोलले? लिहिलं मीच. त्याआधी अकरा वर्षांत एकदाही खोटं नव्हतं लिहिलं. आज मी तिथे बोलले नाही, ते तुम्हाला वाचवायला नाही हं. काय तोंडाने बोलणार होते?" मग त्या म्हणाल्या, "तुम्ही मान वर करून नुसतं बघितलं असतंत ना त्या दिवशी, तर मी भांडले असते. रॅकखालची माती अजून अंगावर होती माझ्या."

साहेबांनी त्यांच्या हातातली नोंदवही मागून घेतली. ते पान काढलं. शून्यावर रेघ मारली, शेजारी बत्तीस लिहिलं, आणि खाली: 'मोजणी बरोबर होती. त्याच दिवशी मला सांगण्यात आले. मी ऐकले नाही.' सही केली, तारीख घातली.

"याने काय होणार?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," साहेब म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

कोब्याची पट्टी फोडायची तर दाराच्या पूर्ण रुंदीत किती फरक आहे ते मोजून ठेवायला हवं होतं, आणि ते काम काही सोमवारसाठी थांबणारं नव्हतं. बाहेर अजून उजेड होता. बाईंनी सरळ पट्टी टेकवली, मामांनी तिचं दुसरं टोक धरलं. "मी बघतो," साहेब म्हणाले, आणि कण्हत गुडघ्यांवर बसले. कितीतरी वर्षांत ते असे जमिनीला टेकले नव्हते. पहिल्या चार ठिकाणी बत्तीस, बत्तीस, एकतीस, बत्तीस. पाचवं ठिकाण पार उत्तरेच्या कोपऱ्यात, अंधारलेलं. साहेबांनी गाल जमिनीला लावून स्टीलची पट्टी फटीत घातली. रेघा एकमेकींत मिसळत होत्या.

"बत्तीस," ते म्हणाले.

बाई त्यांच्या शेजारी आडव्या झाल्या, पट्टी काढली, पुन्हा घातली, बराच वेळ पाहिलं.

"चौतीस वाटतंय, सर," त्या म्हणाल्या. आणि लगेच, साहेबांनी काही म्हणायच्या आत, घाईघाईने, "माझाच हात हलला असेल."

साहेब तसेच जमिनीवर पडून राहिले. मामा वरून बघत होते.

"नाही हलला," साहेब म्हणाले. त्यांनी वही ओढून घेतली आणि चौतीस लिहिलं.